शापोऱ्याचा किल्ला कुणीकडे बघतो?

बार्देशातल्या शापोऱ्याच्या किल्ल्याला बरेच पर्यटक ‘दिल चाहता है’चा किल्ला म्हणतात. २००१च्या त्या सिनेमात तीन मित्र तटावर बसून समुद्र बघतात. तेव्हापासून इथं येणारे तसेच बसतात, फोटो काढतात, उतरतात. त्यात वाईट काही नाही हो. पण हा किल्ला समुद्राची शोभा बघायला बांधलेला नव्हता.

पोर्तुगिजांनी १६१७ साली इथं तट उभारला तो बार्देशची उत्तर सीमा राखायला. खाली शापोरा नदीचं मुख, पलीकडे मोरजी. म्हणजे पेडणे, तेव्हाचा परका मुलूख. १६८३-८४च्या स्वारीत संभाजीराजांच्या फौजेनं किल्ला घेतलाही. पुढे १७१७त पोर्तुगिजांनी तो नव्यानं बांधला. १७८८ साली पेडणेच त्यांच्याकडे गेलं, सीमा तेरेखोलपर्यंत सरकली आणि इथल्या पहाऱ्याला काम उरलं नाही.

हे सगळं नदीकडच्या तटावर उभं राहिलं की डोळ्यांपुढे येतं. तिकडे जातं कोण? पर्यटनानं इथं तट पाडला नाही, बघायची दिशा तेवढी बदलली, आणि माझ्या मते हे नुकसान लवकर ध्यानात येत नाही. सगळी गर्दी एकाच बाजूला चढते, तिथला जांभा झिजतो. उत्तरेच्या तटाची आठवणही कुणाला होत नाही. माहिती सांगणाऱ्यानं सिनेमाचं ठिकाण जरूर दाखवावं. मग चार पावलं पुढे नेऊन मोरजीची रेतीही दाखवावी, आणि तिथं कुणाचं राज्य होतं ते सांगावं.