दुहेरी कांचेची खिडकी

मुंबईंतल्या किंवा पुण्यांतल्या एखाद्या वाहत्या रस्त्यालगत राहणारें कुटुंब जेव्हां मन घट्ट करून दुहेरी कांचेच्या खिडक्या बसवून घेतें, तेव्हां पहिलीं दोन-तीन वर्षें त्या खर्चाचें सार्थक झालें असेंच सर्वांस वाटतें. रस्त्यावरचा कोलाहल दूर गेल्यासारखा होतो, हवा गार करणाऱ्या यंत्राला श्रम कमी पडतात, आणि घरांतल्या वृद्ध माणसांना दुपारची झोंप मिळूं लागते. मग एखाद्या श्रावणांत कोणी पडदा सारतो, तों कांचेंत धुकें दिसतें. आंतून फडकें फिरवावें तर तें जात नाहीं. बाहेरून पुसावें तरी जात नाहीं. धुकें दोन्ही कांचांच्या मध्यें, जेथें कोणाचाच हात पोंचत नाहीं अशा जागीं असतें. बोलावलेला कारागीर खिडकी न्याहाळतो, चुकचुकतो, आणि चौकटीसह सबंध खिडकीच बदलावी लागेल असें सांगून जो आंकडा उच्चारतो, तो ऐकून गृहस्थाच्या कपाळावरहि तसेच थेंब जमतात.

हा आंकडा बहुतेक वेळां अवाजवी असतो. चौकट शाबूत असते, बिजागऱ्या शाबूत असतात; केवळ कांचजोडी नवी घालून भागण्यासारखें असतें. त्याहूनहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं धुकें येण्याचें मूळ पुष्कळदां कांचेंत नसतेंच. चौकटीच्या खालच्या अंगास जीं दोन-तीन लहानशीं भोंकें असतात, त्यांत तें असतें. हा संबंध समजण्यासाठीं ही खिडकी बनते कशी हें प्रथम पाहिलें पाहिजे.

वस्तु मूळची थंड देशांतली. दोन कांचांच्या कडा सांधून त्यांच्यामध्यें हवा कोंडण्याच्या युक्तीचें पेटंट अमेरिकेंत थॉमस स्टेटसन ह्यानें १८६५ सालीं घेतलें. ब्रिटनमध्यें मात्र ती घरोघर पोंचली १९७० नंतरच्या काळांत. तत्त्व अगदीं घरगुती आहे. एका जाड कांबळ्यापेक्षां दोन पातळ कांबळीं पांघरलीं तर ऊब अधिक, हा सर्वांचा अनुभव. कारण दोहोंच्या मध्यें अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाहीं. कांचांचें तसेंच. एकेरी कांचेंतून जितकी उष्णता जाते तिच्या सुमारें निम्मीच साध्या दुहेरी कांचेंतून जाते. मधलें अंतर बहुधा १२ ते १६ मिलिमीटर ठेवतात. तें ह्याहून फार वाढविलें तर कोंडलेली हवाच वरखालीं फिरूं लागते, आणि वाढीव अंतराचा लाभ हातीं लागत नाहीं.

ह्या कांचजोडीचा प्राण तिच्या कडेंत असतो. चहूंकडून ॲल्युमिनियमची एक पोकळ पट्टी बसविलेली असते, आणि तिच्या पोटांत ओल शोषून घेणारे बारीक मणी भरलेले असतात. औषधांच्या बाटलींत जी लहानशी पुडी येते, तिचेंच हें भावंड. पट्टी आणि कांच ह्यांच्यामध्यें ब्यूटाइलचा चिकट थर देतात, व त्याच्या बाहेरून पॉलिसल्फाइडचें किंवा सिलिकोनचें लुकण भरतात. हें लुकण येणाऱ्या-जाणाऱ्या पावसाला दाद देत नाहीं; परंतु तें दिवसेंदिवस सांचलेल्या पाण्यांत बुडून राहिलें, तर त्याची पकड हळूहळू सुटते. वाफ आंत झिरपूं लागते, मणी ती शोषतात, आणि एके दिवशीं त्यांची शक्ति संपते. धुकें दिसतें तें त्या दिवसानंतर. बिघाड त्यापूर्वीं कित्येक महिने सुरू झालेला असतो.

म्हणून दंव कोणत्या पृष्ठावर आहे हें ठरविल्यावांचून कांहींहि दुरुस्ती हातीं घेऊं नये. थंड पाण्यानें भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो. त्याला भोंक पडलेलें नसतें, तर भोंवतालच्या हवेंतली वाफ गार धातूवर निवते. खिडकीवर खोलीच्या बाजूनें बोट फिरवून रेघ उमटली, तर तो खिडकीचा दोष नव्हे. इंग्लंडांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रकार चांगला परिचयाचा आहे. हिंवाळ्यांत दारें-खिडक्या बंद, शेगडीवर वरण शिजत आहे, धुतलेले कपडे खोलींतच वाळत आहेत. अशा वेळीं खोलीची उष्णता २० अंश व हवेची आर्द्रता शेंकडा ६० असेल, तर १२ अंशांपर्यंत निवालेल्या कोणत्याहि पृष्ठावर पाणी धरतें. तेथें भांड्यावर झांकण ठेवावें, वाफ बाहेर टाकणारा पंखा चालवावा, चौकटीच्या माथ्याशीं झरोका असल्यास तो उघडावा. कांच बदलून कांहींच साधणार नाहीं.

दंव बाहेरच्या अंगास असेल तर तेंहि चिंतेचें कारण नाहीं. थंड देशांत शरद ऋतूंतल्या सकाळीं असें दंव दिसतें, तें घरांतली ऊब बाहेरच्या कांचेपर्यंत निसटत नाहीं ह्याची साक्षच होय. मुंबईंत त्याचें कारण उलट असतें. जुलै महिन्यांत तेथील हवेचा दवबिंदु २५ अंशांच्या आसपास असतो, आणि यंत्राचा गार झोत सरळ कांचेवर रोखलेला असला तर बाहेरचें पृष्ठ तितकें निवूं शकतें. झोताचें तोंड वळविलें कीं झालें.

राहिलें तें मधलें दंव. त्यावर कित्येक कारागीर एक उपाय सुचवितात: कांचेला दोन बारीक छिद्रें पाडून आंत औषध फिरवावयाचें, वाळवावयाचें, व छिद्रांना लहान झडपा बसवावयाच्या. कांच कांहीं काळ स्वच्छ दिसते हें खरें, परंतु ज्या कोंडलेल्या कोरड्या हवेसाठीं एवढा खटाटोप केला होता, ती पुन्हां मिळत नाहीं. शिवाय कांच उष्णतेनें कठीण केलेली, म्हणजे टफन्ड असेल, तर तिला भोंक पाडूं जातांच तिचा भुगा होतो. ह्या उपायावर पैसा न घालविलेला बरा.

आतां त्या भोंकांकडे वळावें. पुष्कळांची समजूत अशी असते कीं चांगल्या खिडकींत पाण्याचा एक थेंबहि शिरतां कामा नये. खिडकी बनविणारांची समजूत मात्र तशी नसते. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस बाहेरच्या रबरी पट्टीला चुकवून थोडाफार आंत येणारच, हें ते गृहीत धरतात; तें पाणी चौकटीच्या पोकळ खांचेंत उतरावें व खालच्या भोंकांवाटे बाहेर जावें अशी योजना करून ठेवतात. कांचजोडीहि खांचेच्या तळाला टेकत नाहीं. प्लॅस्टिकच्या चिपांवर ती कांहीं मिलिमीटर उचलून धरलेली असते, म्हणजे तिच्याखालून पाणी जावें आणि वाराहि खेळावा. ही सारी योजना त्या भोंकांवर अवलंबून आहे. आणि तींच भोंकें धुळीनें, पारव्यांच्या पिसांनीं, रंगकाम करतांना पडलेल्या लांबीनें, किंवा कुंभारीण माशीच्या मातीनें बुजतात. मग खांच म्हणजे एक लहानसा हौदच होतो, आणि कांचेची खालची कड चार महिने त्यांत उभी राहते.

ह्याहून वाईट प्रकार सद्धेतूनें घडतो. पहिल्या जोरदार सरींत खांचेंतलें पाणी खोलींत सांडतें. घरचा कर्ता पुरुष किंवा घाईंत बोलावलेला फिटर सिलिकोनची नळी घेऊन जेथें म्हणून फट दिसेल तेथें भरत सुटतो, आणि त्यांत हीं भोंकेंहि लिंपून टाकतो. त्या वर्षीं सर्वांना समाधान वाटतें. धुकें पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या पावसाळ्यांत येतें, तेव्हां त्या लिंपण्याची आठवणहि कोणाला राहिलेली नसते.

परीक्षा सोपी आहे. खिडकी उघडून खालच्या खांचेंत फुलपात्रभर पाणी हळूहळू ओतावें. तें थोड्याच वेळांत बाहेरच्या बाजूस वाहतांना दिसलें पाहिजे. न दिसल्यास खांचेंतला गाळ जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें काढावा, भोंकांतून खराट्याची काडी फिरवावी, आणि पुन्हां पाणी ओतून पाहावें. मृग लागण्यापूर्वीं एकदां आणि गौरी-गणपतीच्या सुमारास एकदां एवढें केलें तरी खिडकीचें आयुष्य वाढतें. चौकट आणि भिंत ह्यांच्यामधल्या फटींत सिलिकोन अवश्य भरावें. मात्र भरतांना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तें कांचजोडीच्या कडेला लागूं देऊं नये, कारण त्यांतलें आम्ल कडेच्या लुकणाला बाधतें. वासरहित, ‘न्यूट्रल’ जातीचें मागून घ्यावें.

खिडकी नीट मिटत नाहीं, खालीं घासते, हीहि नित्याची तक्रार. दोष बहुधा वजनाचा असतो. कांचेच्या एका मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरास अडीच किलो वजन पडतें. तेव्हां सहा-सहा मिलिमीटरच्या दोन कांचांचें एक चौरस मीटर तावदान ३० किलोंचें झालें. एवढा भार एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लोंबत राहिला म्हणजे मुठीकडचा कोपरा उतरतो. प्रथम बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून पाहावे, व सांध्यांवर हलक्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. तेवढ्यानें न भागलें तर चिपांकडे पाहावें. खेड्यांतल्या लांकडी फाटकाला जशी एक तिरपी पट्टी ठोकतात, तसेंच येथें कांचेकडून काम घेतात: एक चीप बिजागरीच्या बाजूस खालच्या कोपऱ्यांत, दुसरी तिच्या तिरप्या समोर मुठीच्या बाजूस वरच्या कोपऱ्यांत घट्ट बसविली, कीं कांचच झडपेला ताणून धरते. त्यासाठीं आंतलें बीडिंग काढावें लागतें; लांब पट्टी आधीं काढावी, आणि बसवितांना आंखूड पट्ट्या आधीं बसवाव्या. मात्र वरच्या मजल्यावर बाहेर वांकून किंवा झडप बिजागऱ्यांवरून उतरवून हें काम कोणीहि एकट्यानें करूं नये. ३० किलोंची कांच हातांतून सुटली तर खालून चालणारास तिची सूचना मिळत नाहीं.

आवाज पुन्हां येऊं लागला असेल तर संशय रबरावर घ्यावा. वर्तमानपत्राची एक पट्टी खिडकींत धरून खिडकी मिटावी व पट्टी ओढावी. ती सहज निघून आली तर त्या जागीं दाब पडत नाहीं असें समजावें. कांहीं कड्यांचे खुंटे किल्लीनें फिरवून दाब वाढवितां येतो. रबर कठीण होऊन कोपऱ्यांत आंखडलेलें असेल तर त्याचा तुकडा कापून नेऊन त्याच घाटाची नवी पट्टी आणावी. सरकत्या खिडकीला रबराऐवजीं ब्रशासारखी लोकरी पट्टी असते, व तींतून हवा आणि आवाज थोडा यावयाचाच. केवळ शांततेसाठीं सरकती दुहेरी खिडकी घेणें हा पैशांचा अर्धा अपव्ययच म्हणावा लागेल.

कांचजोडी बदलण्याची वेळ आलीच, तर मोजमाप मात्र घरच्यानें स्वतः पडताळून घ्यावें. बीडिंग काढून उघडी पडलेली जागा रुंदींत तीन ठिकाणीं व उंचींत तीन ठिकाणीं मोजावी, त्यांतलें सर्वांत लहान माप धरावें, आणि दोन्ही मापांतून सुमारें १० मिलिमीटर वजा करावे. चिपांना व पाण्याला तेवढी जागा लागते. टफन्ड कांच तयार झाल्यावर कापतां येत नाहीं, त्यामुळें येथली चूक महागांत पडते. एकूण जाडीहि लिहून घ्यावी. सहा मिलिमीटरची कांच, बाराचें अंतर व पुन्हां सहाची कांच मिळून २४ मिलिमीटर, हें माप पुष्कळ ठिकाणीं आढळतें. रात्रीं दिवा मालवून कांचेपुढें पेटती मेणबत्ती धरली तर ज्योतीचीं चार प्रतिबिंबें दिसतात, प्रत्येक पृष्ठाचें एक. त्यांतलें एखादें वेगळ्या रंगाचें असेल तर त्या पृष्ठावर उष्णता परतविणारा धातूचा सूक्ष्म लेप आहे असें जाणावें, व नवी जोडीहि तशीच मागावी. महाबळेश्वरासारख्या ठिकाणच्या घरासाठीं मुंबईंत जोडी बनवून घेणारांनीं तें स्थळ कारखानदाराला आधींच सांगावें. तेथें हवेचा दाब सुमारें एकसप्तमांशानें कमी असतो, आणि समुद्रकांठीं कोंडलेली हवा तेथें गेल्यावर कांचा फुगवून कडेवर ताण आणते.

पैसे देण्यापूर्वीं जुनी पावती शोधावी. मधल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर कारखान्याचें नांव व तारीख पुष्कळदां छापलेली असते, आणि धुक्याविरुद्ध कांहीं वर्षांची हमी दिलेली असल्यास नवी कांच फुकटांतहि मिळूं शकते. नवी जोडी घेऊन कारागीर आला, म्हणजे त्याच्याकडून जुन्या चिपा जागच्या जागीं बसवून घ्याव्या, आणि त्यानें बीडिंग ठोकण्यापूर्वीं खांचेंत पुन्हां एकवार फुलपात्रभर पाणी ओतावें. तें बाहेर वाहिलेलें दिसलें, मगच त्याला बीडिंग ठोकूं द्यावें.