सुई लावली म्हणून कॅन्सर पसरत नाही

“गाठीला सुई लावू देऊ नका, डिवचली की पसरते.” अंबडपासून भोकरदनपर्यंत हे इतक्या ठामपणे सांगतात की डॉक्टर गप्प बसावा. दाखलाही तयार: वारुळात काठी घातली की मुंग्या बाहेर पडणारच! अमक्याच्या तोंडातल्या गाठीचा तुकडा काढला आणि चार महिन्यांत माणूस गेला. अहो, तुकडा काढला तेव्हा त्याचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं, हे कुणी का सांगत नाही? आजार आधीच पुढे गेला होता. बायोप्सीनं, म्हणजे तुकडा तपासल्यानं, तो फक्त कागदावर आला.

पेशी पसरायला निघते ती आतल्या बिघाडामुळे. आपल्या अस्तराच्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनानं एकमेकींना धरून असतात. ते बनू न देणारे झेब-१ आणि झेब-२ हे घटक पेशीतच असतात. त्यांना दाबून ठेवतो मायक्रोआरएनए-२०० हा गट. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचे साधारण २२ अक्षरांचे तुकडे. स्वतः प्रथिन बनवत नाहीत, दुसऱ्या जनुकाचा निरोप अडवतात. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांनी १९९३ मध्ये हा प्रकार मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत उजेडात आणला; त्यासाठी २०२४ चं नोबेल मिळालं. २०० गट घटला की झेब मोकाट सुटतात, पकड ढिली होते, पेशी सरकू लागते. उलट मायक्रोआरएनए-१०बी वाढला की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी पसरतात, हे रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटानं २००७ मध्ये उंदरांत दाखवलं. यातल्या कशालाही सुई लागत नाही.

सुईनं एखादी पेशी निसटतच नाही का? निसटते. पण निसटलेल्यांपैकी फारच थोड्या दुसरीकडे रुजतात. अंडकोषाच्या गाठीला मात्र सहसा सुई लावत नाहीत. ते सर्जनला माहीत असतं, चावडीवर ठरवायची गरज नाही. गुटखा-तंबाखूनं होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचं तर तुकडा तपासल्याशिवाय निदानच होत नाही.

चाकूची भीती वाटत असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलची चाचणी बघा. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती छापून आली. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर असलेल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. मानेत गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे चाकू जास्त चालला तिथं माणसं जास्त वाचली!

बाकीचे गैरसमज झटपट. रुग्णाच्या ताटात जेवल्यानं कॅन्सर लागत नाही. मायक्रोआरएनए हा विषाणू नाही, तो तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत आहे. काही कोविड लसींतला एमआरएनए निराळा. तो प्रथिन बनवायला सांगतो, हा अडवतो. आणि रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून कॅन्सर ओळखण्यावर संशोधन चालू आहे, पण त्या भरवशावर बायोप्सी टाळायला सांगणाऱ्याला खिशातले पैसे काढून देऊ नका.