आकार न विसरणारा धातू

अमेरिकी नौदलाच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत १९६१ साली बैठक चालू होती. तिथले संशोधक विल्यम ब्यूलर यांच्या मिश्रधातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. बैठकीतल्या डेव्हिड मझी यांनी तिच्याखाली पाइपचा लायटर धरला आणि पट्टी ताडकन सरळ झाली!

हाच निटिनॉल. निकेल आणि टायटॅनियमचे अणू जवळपास निम्मे-निम्मे.

आज त्याचा स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, थंड करून, दाबून कॅथेटर या बारीक नळीत भरतात. मांडीच्या धमनीत तो बाहेर सरकला, की शरीराच्या ३७ अंश उबेत आपसूक फुलतो. पाय वाकल्याने तो दबला तरी पुन्हा पूर्ववत होतो. पोलादी स्टेंट चेपला तर चेपलेलाच राहतो.

पृष्ठभागावरचा टायटॅनियम ऑक्साइडचा पातळ थर निकेलला शरीरात झिरपण्यापासून रोखून धरतो. तरीही निकेलची ॲलर्जी आहे का, हे डॉक्टर आधी विचारून घेतात.