अष्टमीचं पाणी

पालघर तालुक्यातल्या दांडीच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ सांगायला घड्याळ लागत नाही. तिथी ठाऊक असली की पुरे. कोकणात एक जुना हिशेब सांगतात: चालू तिथीची पाऊणपट करा, उत्तर येईल त्या सुमाराला भरती पूर्ण होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा तसंच रात्रीही.

हे जुळतं कसं? भरती चंद्राच्या मागोमाग चालते आणि चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येतो. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं. थोडी तूट राहते, रोज साचत जाते, पण पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की तिथी पुन्हा एकपासून सुरू होते आणि साचलेली चूक पुसली जाते. आपली चूक आपणच दुरुस्त करणारा हा हिशेब कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या पाढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

त्याच्या जोडीला दोन शब्द आहेत, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात येते, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, तो भांग. डोल हे पिशवीसारखं जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं आणि पाण्याची ओढ मासळी त्यात आणून घालते. उधाणाला ओढ जोरात, म्हणून डोल भरते. भांगात ओढ मंदावते, डोलीला फार काही लागत नाही. भांग या एका शब्दात खगोलही आहे आणि घरखर्चही.

आता इथून हजारो मैलांवर, प्रशांत महासागराच्या मधोमध जाऊ या. हवाई बेटांवरच्या लोकांनी महिन्याच्या प्रत्येक रात्रीला वेगळं नाव दिलं होतं, अशी तीस नावं. पहिली रात्र हिलो, दुसरी होआका, तिसरी कू. अर्ध्या चंद्राच्या आसपासच्या काही रात्रींच्या नावांत ‘ओले’ हा शब्द असे. ओले म्हणजे ‘नाही’, ‘काही नाही’. त्या रात्री मासेमारीला आणि लावणीला फळ न देणाऱ्या मानल्या जात. दोन समाज, ज्यांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं, एकाच चंद्राकडे पाहत होते; आणि जिथे आपल्याकडे भांग म्हटलं गेलं, त्याच्या आसपासच तिकडे ‘ओले’ म्हटलं गेलं!

हे आज आपल्याला कळतं, कारण हवाईच्या लोकांनी ते लिहून ठेवलं. 1820 साली मिशनरी तिथे आले, लिपी बसवली, छापखाना आणला. 1834 मध्ये लाहाइनालुना इथल्या शाळेत हवाईयन भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं. त्याच शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी डेव्हिड मालो यांनी आपल्या लोकांच्या चालीरीती, देव, शेती, मासेमारी आपल्याच भाषेत नोंदवली. हवाईयन वर्तमानपत्रं 1948 पर्यंत चालली. त्यांची मिळून सव्वा लाखाच्या आसपास पानं भरतात. दरम्यान 1896 च्या कायद्याने शाळांतून ही भाषा हद्दपार झाली आणि मुलांच्या तोंडून ती नाहीशी होत गेली. तरी मेरी कावेना पुकुई यांनी आयुष्यभर शब्द वेचले. 1957 मध्ये सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासह त्यांचा कोश आला, 1983 मध्ये जवळजवळ तीन हजार म्हणींचा संग्रह. 1984 मध्ये हवाईयन माध्यमाच्या बालवाड्या सुरू झाल्या, तेव्हा भाषा पुन्हा उभी करायला हा साठा हाताशी होता.

आपल्या किनाऱ्याची भाषाही पुस्तकात गेली आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड, मराठीवरचा, 1905 साली निघाला. त्यात वारली, वाडवळी, सामवेदी, कोळी अशा बोलींचे नमुने आहेत. युक्ती सुरेख होती. सगळ्यांना एकच गोष्ट सांगायला लावायची, बायबलमधली उधळ्या मुलाची. मग नमुने शेजारी ठेवले की बोलीबोलींतला फरक नजरेला दिसतो. पण त्या गोष्टीत शेत आहे, डुकरं आहेत, पोसलेलं वासरू आहे, समुद्र नाही. होडी नाही, डोल नाही, भांग नाही. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला ती गोष्ट सांगायला लावली, तर त्याचे सर्वांत मोलाचे शब्द तोंडातच राहणार. बोलीचे प्रत्यय कागदावर आले, बोलीतला समुद्र बराचसा बाहेर राहिला.

म्हणून मला वाटतं, पुस्तक काय वाचवतं हे लिहिणाऱ्याने काय विचारलं यावर ठरतं. मालोंना कुणी परकी गोष्ट दिली नव्हती. आपल्याकडेही तसं काम झालं आहे. कविता महाजन यांनी वारली लोकगीतं गोळा करून पुस्तकात आणली. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाने आपल्या कादोडी बोलीत अंक काढला. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली सर्वेक्षणात लोक स्वतःच्या गोष्टी सांगतात, आणि त्या आवाजासकट जपल्या जातात.

या किनाऱ्यावर मांगेला समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आला आहे. त्यांच्या घरांत वाऱ्याचे, पाण्याच्या रंगाचे, जाळ्याच्या एकेका भागाचे शब्द अजून रोज वापरले जातात. दांडीच्या शाळेतल्या एखाद्या मुलीने आजोबांसमोर वही उघडून एवढंच विचारावं: आज अष्टमी, पाणी कसं असेल? आजोबा ज्या बोलीत उत्तर देतील, त्याच बोलीत तिने ते लिहून घ्यावं. ग्रिअर्सनच्या खंडात जे पान राहून गेलं, ते तिथे सुरू होईल.