टॉर्चचा ड्रायव्हर बोर्ड : स्वस्त कोणता, महाग कोणता?

एलईडी टॉर्च जोडून विकणारे आपले कारागीर बंधू बॉडी, काच आणि सेल पारखून घेतात. परंतु आतल्या रुपयाच्या नाण्याहून लहान अशा ड्रायव्हर बोर्डाबाबत "सर्वांत स्वस्त असेल तो द्या" एवढेच म्हणतात. आपले गिऱ्हाईक कोण? शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी द्यायला निघणारा शेतकरी. बांधावर मध्येच दिवा गेला तर विंचू-सापाशी गाठ त्याची पडते आणि बोल आपल्या दुकानाला लागतो.

बोर्ड करतो काय?

एलईडीला व्होल्टेज किंचित वाढले तरी करंट झपाट्याने वाढतो व ती जळू शकते. लिथियम सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो आणि वापरता वापरता 3 व्होल्टपर्यंत उतरतो. नुसता रेझिस्टर लावला तर टॉर्च आधी भगभगीत आणि नंतर मिणमिणती होते. ड्रायव्हर बोर्ड सेल बराच उतरेपर्यंत करंट एकसारखा ठेवतो.

सेल पाहून बोर्ड निवडा

18650 या एका लिथियम सेलवर एक पांढरी एलईडी चालवायची असेल, तर 7135 चिपचा साधा बोर्ड पुरतो. अशी एक चिप 350 मिलिअँपिअर देते. चार चिप म्हणजे 1400 मिलिअँपिअर. शेतातल्या कामाला एवढा उजेड भरपूर होतो. या बॉडीत बहुधा 17 मिलिमीटरचा गोल बोर्ड बसतो, तरी आपली बॉडी मोजूनच मागणी द्यावी.

दोन सेल एकामागे एक लावले तर व्होल्टेज 8.4 पर्यंत जाते. 7135 चिपची मर्यादा 6 व्होल्टची आहे. तेथे व्होल्टेज उतरवणारा 'बक' बोर्डच हवा. 1.5 व्होल्टच्या एका पेन्सिल सेलसाठी व्होल्टेज चढवणारा 'बूस्ट' बोर्ड लागतो. हे दोन्ही प्रकार तुलनेने महाग पडतात. म्हणजे खरी बचत एका सेलची रचना निवडण्यात आहे. लुकलुकणे, एसओएस अशा करामतींचेही पैसे मोजू नका. मात्र सेल फार उतरल्यावर दिवा बंद करणारी सोय सोडू नका, नाहीतर सेल खराब होतो.

घाऊक घेण्यापूर्वी

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथे चौकशी करावी. आधी पाच-दहा नमुने आणावेत. टॉर्चचे मागचे झाकण काढून मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवावा. एक टोक सेलच्या तळाला, दुसरे बॉडीच्या उघड्या धातूला लावावे. भरलेल्या सेलवर आणि अर्ध्या उतरलेल्या सेलवर आकडा जवळपास सारखा आला पाहिजे. नंतर वीस मिनिटे टॉर्च चालू ठेवून उजेड टिकतो का, बोर्ड फार तापतो का, हे पाहावे.

आता हिशेब. समजा, 40 रुपयांचे शंभर बोर्ड घेतले आणि वीस खराब निघाले. चालणारा प्रत्येक बोर्ड 50 रुपयांना पडला. 46 रुपयांच्या शंभरात चारच खराब निघाले, तर तोच सुमारे 48 रुपयांना पडतो. परत आलेल्या टॉर्चची मजुरी आणि गमावलेले गिऱ्हाईक यात धरलेलेच नाही.

चीनमधून थेट व्यापारी माल मागवायचा असेल तर डीजीएफटीकडून मिळणारा आयात-निर्यात कोड लागतो. सीमाशुल्क, आयजीएसटी व टपालखर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. पाच-सहा कारागिरांनी मिळून एकच मागणी दिली तर हा खर्च विभागला जातो. भांडवलही आपसातल्या वर्गणीतून उभे राहते आणि व्याजी कर्ज टळते.

शेवटी एक गोष्ट. धान्याच्या ढिगात आतला ओला भाग लपवणाऱ्या व्यापाऱ्याला हजरत मुहम्मद (स.) यांनी टोकल्याची हदीस आपण जाणतो. 1400 मिलिअँपिअरच्या टॉर्चच्या खोक्यावर 3000 छापणे हे तेच ओले धान्य आहे. मोजलेला आकडाच छापावा. गिऱ्हाईक पुन्हा येईल आणि इन्शाअल्लाह रोजीतही बरकत राहील.