संशोधकाची झोळी आणि कॅमेऱ्याचीं लहान भिंगें

दप्तरें पाहावयास निघालेल्या संशोधकाच्या झोळींत पूर्वीं दौत, लेखणी, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि शिदोरी एवढेंच सामान असे. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या काळीं नक्कल म्हणजे हातानें उतरून घेतलेली नक्कल. आज त्याच झोळींत कॅमेरा व त्याचीं एक-दोन भिंगें असतात. कागद कसे बांधावे हें आम्हांस परंपरेनें ठाऊक आहे. भिंग कसें बांधावें हें बहुतेकांस कोणी सांगितलेलें नसतें. म्हणून तें कागदांच्याच शेजारीं, कागदांच्याच उपचारांनीं ठेविलें जातें. हे उपचार भिंगास मारक आहेत असें माझें अनुभवाअंतीं मत झालें आहे. तें कारणांसह येथें मांडतों.

अनुभव प्रथम सांगणें प्राप्त आहे, कारण त्यांतील दोष सर्वस्वीं माझा होता. २०११ च्या आषाढांत कोंकणांतील एका जुन्या वाड्यांत एका रुमालांतील ४१ कागदांचे फोटो मीं घेतले. कॅमेऱ्याच्या पाठीवरील इवल्या पडद्यावर ते ठीक दिसले. घरीं येऊन मोठ्या पडद्यावर पाहतों तों प्रत्येक पानावर दुधाळ धुकें पसरलेलें. मोडी लिहितांना लेखणी शक्य तों उचलीत नाहींत. अक्षरास अक्षर जोडणारी रेघ पुष्कळदां केसासारखी बारीक असते, आणि नेमक्या याच रेघा त्या धुक्यांत बुडाल्या होत्या. सहा कागदांवरील तिथी लागल्या नाहींत. एका महजराच्या साक्षीदारांचीं नांवें अर्धींच वाचतां आलीं. भिंगाच्या मागें विजेरी धरून पाहिलें तेव्हां आंतल्या कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. तें भिंग दोन वर्षें कातडी डबींत, रुमालांच्या कपाटांत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारीं पडून होतें आणि प्रवासास निघतांना तसेंच झोळींत टाकलें होतें. पुन्हां जाऊन फोटो घेऊं अशा समजुतीनें मी स्वस्थ राहिलों. पुढील पावसाळ्यांत वाड्याची मागील भिंत बसली आणि रुमाल भिजून त्याचा लगदा झाला. त्या ४१ कागदांचा आज उपलब्ध असलेला पुरावा म्हणजे ते धुकट फोटोच होत.

आतां कारणें पाहूं. भिंगांत दिसणारे तंतू ही बुरशी. तिचे बीजकण हवेंत सर्वत्र असतात; हवेची आर्द्रता दीर्घ काळ साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली कीं त्यांस अंकुर फुटतो. बोटाचा ठसा, वंगणाचा अंश, धुळींतील सेंद्रिय कण एवढें अन्न तिला पुरतें. बुरशी वाढतांना जीं आम्लें सोडते तीं कांचेवरील लेप व पुढें कांचही खातात. बुरशी पुसून काढली तरी ओरखडा राहतो. कातडें ओल धरून ठेवतें आणि बुरशीस स्वतःच खाद्य होतें. जुन्या कॅमेऱ्यांबरोबर येणाऱ्या सुबक कातडी डब्या म्हणूनच प्रदर्शनांत ठेवाव्या. भिंग त्यांत ठेवूं नये. डांबराच्या गोळ्यांविषयीं तर कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांतच निषेध छापलेला असतो: कॅमेरा कापराच्या वा नॅफ्थलीनच्या गोळ्यांजवळ ठेवूं नये. आम्ही माहितीपुस्तक वाचीत नाहीं, हा निराळा मुद्दा. शतकापूर्वींचें पत्र लावून वाचणारा मनुष्य सोबत आलेली चार पानें वाचण्याचा कंटाळा करितो!

वेखंडाची पूड पोथीच्या बासनांत युक्त असेल. भिंगाच्या फिरत्या कड्यांत शिरली कीं करकर ऐकूं येते. शिवाय बुरसलेला कागद आणि भिंग एका कप्प्यांत ठेवणें म्हणजे आजाऱ्याशेजारीं निरोग्याचें अंथरूण घालणें होय. कागदांसाठीं एक पिशवी, भिंगासाठीं दुसरी, हा नियम मीं तेव्हांपासून मोडलेला नाहीं.

भिंगें लहान झालीं हा आपल्या कामास मोठाच लाभ आहे. वेट्झलार येथील लाइट्झच्या कारखान्यांतील यंत्रज्ञ ऑस्कार बार्नाक यास दम्याची व्यथा होती. जड कॅमेरा वाहणें त्यास झेपत नसे. त्यानें योजिलेला लायका १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत लोकांसमोर आला. त्याचें भिंग नळीसह आंत ढकलतां येई, त्यामुळें तो कोटाच्या खिशांत मावे. भिंग काढून दुसरें बसविण्याची सोय १९३० पासून झाली, आणि सुटें भिंग कसें न्यावें हा प्रश्न तेव्हांपासूनचा. आपल्यास अधिक जवळचें उदाहरण जपानचें. कागदपत्रांच्या सूक्ष्म प्रती घेतांना रोमन लिपीस पुरणारें भिंग कांजी अक्षरांतील दाट रेघांस पुरेना. या गरजेंतून १९५६ सालीं ५ सेंटिमीटर नाभ्यंतराचें मायक्रो-निक्कोर हें भिंग निघालें. मोडी वाचणाऱ्यास ही अडचण समजावून सांगावयास नको. अलीकडे ऑलिंपस व पॅनासॉनिक यांनीं २००८ सालीं जाहीर केलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतींत ३० मिलिमीटरचें, जवळून फोटो घेण्याचें ऑलिंपसचें भिंग १२८ ग्रॅमचें आहे. पॅनासॉनिकचें पहिलें २० मिलिमीटरचें तर अवघें १०० ग्रॅमचें. मोबाइलनेंच भागत असतां हें ओझें कशास, असें तरुण मित्र विचारतात. एखाद्या पानापुरतें भागतेंही; पण फिकट शाई, शिक्क्याचा उठाव किंवा हातभर लांबीचा कागद पुढें आला कीं सपाट पानासाठीं घडविलेल्या भिंगाची सर मोबाइलास येत नाहीं. परंतु हलकेपणांतच धोका आहे. मोठ्या भिंगाचें वजन खांद्यास सारखी आठवण देतें. लहान भिंगाचा विसर पडतो, आणि तें किल्ल्या, नाणीं व पाण्याची बाटली यांच्या गर्दींत लोळत जातें.

बांधणीची रीत आपल्या घरींच आहे. पोथीस खालीं-वर फळ्या असतात, मग रुमाल, मग दोरी. भिंगाच्या फळ्या म्हणजे पुढचें व मागचें अशीं दोन झाकणें. मागचें झाकण लहान म्हणून हरवतें आणि त्याशिवाय भिंग नेलें जातें. हें तर पोथी उघडी नेण्यासारखें झालें, कारण मागची कांच प्रतिमेच्या अधिक जवळ असते व तिच्यावरील डाग अधिक नडतो. एक जादा झाकण नेहमीं जवळ ठेवावें. दोन मागचीं झाकणें पाठीस पाठ चिकटवून दोन भिंगें एकास एक जोडण्याची युक्ति कांहीं लोक करितात. जागा वाचते हें खरें. पण एकास बसलेला धक्का दुसऱ्यास पोंचतो, म्हणून मला ती पसंत नाहीं.

रुमालासाठीं अनेकदां धुतलेलें मऊ सुती कापड घ्यावें. नव्या कापडांतील खळ व सुटे धागे नकोत. असें गुंडाळलेलें भिंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत बसवावें. रबरी कड्याचा स्वयंपाकघरांतील डबा उत्तम. हालवून पाहावा, आंत आवाज आला तर कापडाची आणखी एक घडी घालावी. डबा झोळीच्या तळाशीं कधींही ठेवूं नये. आपण झोळी जमिनीवर टेकवितों तेव्हां सगळा आघात तळास बसतो. तेथें घडी घातलेला पंचा असावा. डब्याची जागा अंगाकडील बाजूस, मध्यावर. बाहेरच्या बाजूस टिपणवही. एस. टी. च्या दांड्यास आणि वाड्यांच्या ठेंगण्या चौकटींस झोळीची बाहेरची बाजूच आपटते, हें ज्यानें वाडे हिंडले आहेत त्यास सांगावयास नको. पाण्याची बाटली दुसऱ्या खांद्यावर.

दुचाकीच्या डिकींत भिंग ठेवूं नये. तेथें सतत हादऱ्यानें बारीक स्क्रू सैल होतात, आणि उन्हानें वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर ओघळतें. बंद मोटारीसही हीच हरकत. उन्हाचा दुसरा धोका कागदांना आहे. भिंगानें कागद जळतो हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें, तरी खिडकीपाशीं मांडलेल्या कागदांवर उघडें भिंग ठेवून चहास उठणारे विद्वान मीं पाहिले आहेत. भिंग हातांतून सुटलें कीं झाकण चढलेंच पाहिजे.

राहिली ओल. सिलिका जेलची पुडी उघड्या झोळींत टाकणें व्यर्थ आहे; ती साऱ्या कोंकणची हवा कोरडी करावयास निघते आणि थोड्याच वेळांत दमते. तीच पुडी बंद डब्यांत ठेविली तर उपयोगी पडते. हे दाणे आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेतात. डब्यांतील आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के असावी. ती दाखविणारें बोटाएवढें यंत्र स्वस्त मिळतें. थंड ठेविलेल्या ग्रंथागारांतून पावसाळी हवेंत बाहेर येतांना डबा लगेच उघडूं नये. उघडल्यास गार कांचेवर दंव जमतें, तें आंतही शिरतें. अर्धा-पाऊण तास डबा बाहेरच्या हवेंत तसाच राहूं द्यावा. दंव जमेल तें डब्यावर जमेल. धूळ बसलीच तर प्रथम रबरी फुग्यानें उडवावी, मग मऊ कुंचला, आणि कापड अगदीं शेवटीं. उपरण्याच्या टोकानें पुसण्याची संवय मोडावी. धुळींतील वाळूचा कण भिंगावरील लेपास ओरखडतो.

निळे दाणे ओल घेऊन गुलाबी झाले, किंवा नारिंगी जातीचे हिरवे पडले, कीं ते मंद आंचेवर पसरून मूळ रंग येईपर्यंत तापवावे आणि गरम असतांनाच बरणींत बंद करावे. निळ्या दाण्यांत कोबाल्टचें विषारी मीठ असतें, म्हणून त्यांसाठीं तवा निराळा ठेवावा. आमच्या घरीं तो रुमालांच्या कपाटाखालीं असतो.