एकाच दगडाच्या चार जमिनी

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि भोवती गोल, लांबट गोटे विखुरलेले. फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली म्हणून त्यांचा माल दगड झाला, अशी कथा आहे. भूशास्त्राची हकीकतही कमी नवलाची नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरांवर थर पसरला. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं भरली. भोवतालचा बेसाल्ट कुजला, तसे हे गोटे सुटे झाले.

वर्धा जिल्ह्याची बहुतेक माती अशा कुजण्यातूनच आली आहे. नवी विहीर खणताना हा क्रम उघडा पडतो: वर माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोलटे आणि तळाशी निळसर काळा, अभंग दगड. पाणी आधी फटींत शिरतं. फटींमधल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ते तिन्ही बाजूंनी चढाई करतं, म्हणून दगड गोल होत जातो. मुळं आणि जिवाणू यांच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्याला सौम्य आम्ल बनवतो. फेल्स्पार, पायरॉक्सिन विरघळू लागतात, लोहाला गंज चढतो आणि उरलेल्यातून माँटमोरिलोनाइट ही चिकणमाती घडते. पावसात ती फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सुटलेलं कॅल्शियम बरंचसं खालीच चुनखडीच्या गाठी होऊन बसतं.

बेसाल्टात क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतं, आणि रेती मुख्यतः त्याचीच होते. पूर्व विदर्भातले ग्रॅनाइट, नाईस वैनगंगेला भरपूर रेती देतात. इथला बेसाल्ट प्रामुख्याने चिकणमाती देतो.

लाव्हाच्या दोन लोटांमध्ये मोठी विश्रांतीही असे. तेव्हा तळी साचत, गाळ बसे. नवरगावजवळच्या अशा थरांत झाडांची खोडं गारगोटीच्या दगडात रूपांतरित होऊन टिकली आहेत. म्हणजे ती उगवायला तेव्हाही माती होती; माती होण्याचं काम इतकं जुनं आहे.

जुन्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात इथल्या जमिनींची नावं होती बरडी, खरडी, मोरंड आणि काळी. मूळ दगड एकच. फरक प्रामुख्याने उताराचा. माथ्यावर तयार होते ती माती पाऊस टिकू देत नाही, म्हणून बरडीवर वीतभर थरही कठीण. ती धुपून खाली येते आणि सखल भागात काळी खोल होत जाते. हिंगणघाटच्या कापसाचं नाव या काळीनेच केलं. उरलेला गाळ धाम, बोर, वेणा या नद्या नेतात. तो वर्धा नदीतून प्राणहितेत, गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जातो.

वाटेत धरणं आली की पाणी मंदावतं आणि गाळ तिथेच बसतो. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो उपसून शेतात नेला जातो. मला हा उलटा प्रवास मोलाचा वाटतो, पण गाळ बरडी-खरडीसारख्या उथळ जमिनींवरच पडावा. आधीच भारी असलेल्या काळीवर तो टाकला तर पाण्याचा निचरा आणखी मंदावतो आणि पावसाळ्यात कपाशीची मुळं गुदमरतात.